फ्लॅप अडकला तर काय, आणि फ्लॅप विसरला तर काय

डिसेंबरातली गोष्ट आहे. आत्या बंगळुरूहून येणार होती, संध्याकाळचं विमान, आणि तिला घ्यायला मी आणि काका नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर गेलो होतो. काका एचएएलमधून, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीतून, रिटायर झालेत, सगळी नोकरी हायड्रॉलिक्सच्या कामात गेली, त्यामुळे आकाशात काहीही आवाज झाला की मान आधी वर. थंडी अशी की चहा प्यायचा कमी आणि ग्लास हातात धरायचा जास्त. विमान दिसलं, दिवे लावून छान खाली येत होतं, आणि अगदी आता टेकणार असं वाटलं तेवढ्यात इंजिनाचा आवाज वाढला आणि ते परत वर निघून गेलं. मग अर्धा तास लांबवर घिरट्या, मग कळलं की मुंबईला चाललंय.

आत्याचा मुंबईतून फोन आला तेव्हा दहा वाजून गेले होते. "अगं पायलट म्हणाला टेक्निकल रीझन, आणि उतरलो तर खिडकीबाहेर फायर ब्रिगेडच्या गाड्या आमच्याबरोबर पळतायत, मी रामरक्षा सुरू केली बाई." दुसऱ्या दिवशी ती कसारा घाट चढून टॅक्सीने घरी आली तोपर्यंत फ्लॅप अडकले होते एवढं कळलं होतं, आणि फॅमिली ग्रुपवर सगळे इंजिनियर झाले होते. कोणी म्हणे विमान पडता पडता वाचलं, कोणी म्हणे पंखच तुटत होता. काका काहीच टाइप करत नव्हते, नुसते हसत होते. मग ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः शोधून वाचलं ते सगळं एकत्र करून लिहितेय, कारण ग्रुपवर लिहिलं तर वर आत्याच्या मैत्रिणींचे गुड मॉर्निंग येतात आणि सगळं वाहून जातं.

तर फ्लॅप म्हणजे काय. पंखाच्या जवळ किंवा मागे खिडकी मिळाली असेल तर तुम्ही बघितलंच असेल, उतरायच्या आधी गुं असा बारीक आवाज येतो आणि पंखाची मागची कड मागे सरकत खाली वाकायला लागते, मध्ये फटी दिसतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की पंख उघडा पडला. ते फ्लॅप. पुढच्या कडेलाही तसेच भाग पुढे सरकतात, त्यांना स्लॅट म्हणतात. दोन्ही मिळून पंख मोठा होतो आणि जास्त वाकडा होतो.

हे कशाला लागतं ते एसटीत कळतं. लहानपणी ओझरच्या एसटीत मी खिडकीतून हात बाहेर काढायचे आणि कंडक्टर ओरडायचा. आडगाव सोडलं की गाडी पळायला लागायची, तेव्हा तळहात जरासा तिरका केला तरी हात झटक्यात वर जायचा. पण गाडी स्टॉपला हळू झाली की तोच हात तसाच धरला तरी काही होत नाही, मग तळहाताची वाटी करावी लागते, मोठी वाटी, तरच थोडं काही जाणवतं. विमानाचं तेच. पंखाला मिळणारी उचल वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे वेग निम्मा केला की उचल निम्मी नाही, चौथाई होते. आकाशात वेगात जाताना सपाट बारीक पंख पुरतो, उलट तोच पाहिजे, नाहीतर हवेचा अडथळा वाढून तेल फुकट जातं. पण उतरताना हळू यायचंय आणि वजन तर तेवढंच आहे, ए-३२० सारखं विमान उतरताना ६५ टनाच्या आसपास असू शकतं, म्हणजे माल भरलेल्या दहाचाकी ट्रकच्या दुपटीहून जास्त. मग हाताची वाटी करायची, म्हणजे फ्लॅप काढायचे.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. फ्लॅप पूर्ण काढलेलं असं विमान साधारण १३५ नॉटला उतरतं, म्हणजे ताशी २५० किलोमीटर. फ्लॅप आणि स्लॅट काहीच आलं नाही तर त्यात ५०-६० नॉट वाढवावे लागतात, म्हणजे ताशी ३५० च्या पुढे. शंभरच तर वाढले असं वाटतं, पण थांबवायची जी शक्ती आहे तीही वेगाच्या वर्गावर, त्यामुळे २५० चे ३५० झाले की ब्रेकला जवळजवळ दुप्पट काम. आणि चाकांच्या टायरलाही मर्यादा असते, ए-३२० ला जमिनीवर १९५ नॉट, त्याच्या वर टायरची हमी नाही. आता ओझर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंच आहे, इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे पायलटच्या काट्यावर आकडा तोच दिसला तरी जमिनीवरचा खरा वेग इथे जास्त निघतो, आणि मे महिन्याच्या दुपारी अजूनच जास्त. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला विमान मुंबईला का नेलं ते अर्धं कळलं. ओझरचा रनवे लहान नाही, ३ किलोमीटरचा आहे, पण मुंबईचा मोठा रनवे साडेतीनच्या जवळ, तिथे इंजिनियर आहेत, अग्निशमनची मोठी यंत्रणा आहे, आणि हवेतून अंतर किती, दीडशे-दोनशे किलोमीटर.

अर्थात पूर्ण काहीच न येणं फार क्वचित. बहुतेक वेळा फ्लॅप मध्येच कुठेतरी थांबतात, स्लॅट आलेले असतात, मग वेग थोडाच वाढवावा लागतो.

आता अडकतात कसे. हे मला सगळ्यात आवडलं, कारण काकांनी समोरच्या किराणा दुकानाचं शटर दाखवलं. शटरला वर एक आडवा दांडा असतो, तो फिरला की दोन्ही टोकांनी पत्रा सारखा गुंडाळला जातो. विमानाच्या पोटात मध्यभागी फ्लॅपची मोटर असते, हायड्रॉलिकवर, म्हणजे नळ्यांतल्या द्रवाच्या दाबावर चालते, तिथून दोन्ही पंखांत लांबच लांब फिरते दांडे जातात, मध्ये मध्ये गिअरबॉक्स, आणि प्रत्येक ठिकाणी फ्लॅपला ढकलणारी यंत्रणा. म्हणजे डावीकडचे आणि उजवीकडचे फ्लॅप एकाच दांड्याला बांधलेले, सारखेच हलले पाहिजेत. शटर एका बाजूने वर गेलं आणि दुसऱ्या बाजूने राहिलं तर काय होतं, तिरकं होऊन फसतं, दुकानदार शिव्या घालतो, विषय संपला. विमानात एका पंखाला उचल जास्त आणि दुसऱ्याला कमी झाली तर विमान कुशीवर लोळतं. १९७९ च्या मे महिन्यात शिकागोला डीसी-१० विमानाचं डावं इंजिन टेकऑफच्या वेळी तुटून पडलं, तिथल्या हायड्रॉलिकच्या नळ्या फाटल्या आणि डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट हवेच्या दाबाने आत गेले, उजवे बाहेरच. डाव्या पंखाची उचल गेली आणि विमान त्या बाजूला उलटलं. २७३ माणसं गेली.

म्हणून आता पंखाच्या टोकाला ब्रेक बसवलेले असतात. कॉम्प्युटर सतत बघतो की दोन्ही बाजू सारख्या फिरतायत ना, जरा फरक दिसला की ब्रेक लागतो आणि सगळं जागच्या जागी लॉक. म्हणजे आपण ज्याला फ्लॅप अडकले म्हणतो ते बऱ्याचदा विमानाने स्वतःहून अडकवलेले असतात, आणि एअरबसमध्ये तो पंखाच्या टोकाचा ब्रेक एकदा लागला की हवेत सोडवता येत नाही, जमिनीवर इंजिनियरच सोडवतो. कधी खरंच काही फसलेलं असतं, कधी नुसता सेन्सर खोटं बोलतो. पण हवेत ते ठरवत बसायचं नसतं. काका म्हणाले, "शटर अडकलं की आपण काय करतो? लाथ घालतो. तिथे लाथ घालायची सोय नाही, हेच बरंय."

कॉकपिटमध्ये मधल्या बाजूला फ्लॅपचा दांडका असतो, एअरबसमध्ये ०, १, २, ३ आणि फुल्ल अशा खाचा, आणि तो उचलल्याशिवाय खाचेतून निघत नाही, चुकून हात लागून सरकू नये म्हणून. प्रत्येक खाचेला वेगाची कमाल मर्यादा आहे, ए-३२० ला १ नंबरला २३० नॉट, २ ला २००, ३ ला १८५, फुल्लला १७७. जास्त वेगात काढले तर फ्लॅपवर भलता ताण येतो. त्यामुळे विमान उडवणारा नुसता हात लांब करून दांडका ओढत नाही, तो तोंडाने मागतो, दुसरा पायलट आधी वेग बघतो, वेग ठीक आहे असं म्हणतो, आकडा परत उच्चारतो, मग हलवतो, आणि मग स्क्रीनवर फ्लॅप खरोखर त्या जागी पोचले का ते बघतो. ही शेवटची पायरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आत्याच्या विमानात असं झालं असणार की मागितलं, हलवलं, आणि स्क्रीनवर आकड्याऐवजी वॉर्निंग आली. पहिलं काम, उतरायचं नाही. खाली बसलेल्यांना तो क्षण भयंकर वाटतो, पण परत वर जाणं हीच शहाणपणाची गोष्ट. नियमच असा आहे की साधारण १००० फुटांवर, आणि हवा स्वच्छ असेल तर उशिरात उशिरा ५०० फुटांवर, विमान उतरायच्या स्थितीत पाहिजे, चाकं खाली, फ्लॅप जागेवर, वेग बरोबर, चेकलिस्ट संपलेली. नसेल तर वर जा, कारणं नंतर.

मग घिरट्या. त्या अर्ध्या तासात आत्याला वाटत होतं पायलटला काय करावं सुचत नाहीये, आणि आत चाललं होतं वाचन. एक जण फक्त विमान उडवतो, दुसरं काही करत नाही. दुसरा क्यूआरएच नावाचं जाड पुस्तक किंवा टॅबलेट उघडतो, त्यातलं फ्लॅपचं पान काढतो आणि मोठ्याने वाचतो. पाठ असलं तरी वाचायचं. दांडका कुठे ठेवायचा, वेग किती वाढवायचा, उतरायला किती लांबी लागेल, रनवे ओला असेल तर किती, ते सगळं आकड्यात काढायचं. एक मजेशीर पायरी पण आहे. जमिनीजवळ फ्लॅप नीट नसले की विमान स्वतः बोंबलतं, "टू लो, फ्लॅप्स", सारखं सारखं. इथे तर आपल्याला माहितीच आहे की फ्लॅप नाहीत, मग त्या बोंबेने ऐन उतरताना डोकं फिरू नये म्हणून तेवढी वॉर्निंग आधीच बंद करायचं बटण असतं आणि ते दाबायचं चेकलिस्टमध्ये लिहिलेलं असतं. कोणीतरी शांत डोक्याने ऑफिसात बसून हा विचार करून ठेवलाय, ही गोष्ट मला फार भारी वाटली.

पण वाचनातही माणूस बुडतो. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक डीसी-८ चाकांच्या बिघाडात अडकलं, कॅप्टन तासभर घिरट्या घालत चाकांचा आणि प्रवाशांना बाहेर काढायचा विचार करत राहिला, सोबतच्यांनी तेल संपत आलंय हे सांगितलं पण ठणकावून नाही सांगितलं, आणि शेवटी तेल संपून विमान पडलं, १० जण गेले. चाकांनी कोणाला मारलं नाही. त्यानंतरच कॅप्टनला टोकायचं कसं आणि कॅप्टनने ऐकायचं कसं याचं रीतसर ट्रेनिंग सुरू झालं. आणि फ्लॅप बाहेर अडकलेले असताना तर तेल जास्तच जळतं, वाटी केलेला हात खिडकीबाहेर धरून पुण्यापर्यंत जाण्यासारखं. आपल्याकडे २०१७ च्या जुलैमध्ये कोलकात्याहून मुंबईला निघालेल्या एका विमानाची चाकं वर घ्यायचीच राहिली, वेग आणि उंची धरेना, तेल भसाभस जायला लागलं आणि शेवटी नागपूरला उतरावं लागलं. बिघाड काहीच नव्हता, चाकं नुसती विसरली होती.

आणि उतरणं कसं होतं, तर जरा वेगळं पण बघण्यासारखं. नाक नेहमीपेक्षा वर असतं, म्हणून शेपूट घासायची भीती, त्यामुळे नाक जास्त उचलायचं नाही. विमान खाली बसायला मागत नाही, रनवेवरून तरंगत राहतं, तर पायलटने मऊ टेकवायचा मोह सोडून ठरल्या जागी दणकन टेकवायचं. आत्या म्हणाली फार जोरात आपटलं, मी म्हटलं तेच करेक्ट होतं. मग उलटा थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर उलट्या दिशेने, जोरदार ब्रेक, आणि ब्रेक असे तापतात की चाकात त्यासाठी वितळणारे बूच बसवलेले असतात, रिम फार गरम झाली की बूच वितळून टायरमधली हवा हळूच निघून जाते, म्हणजे टायर फुटत नाही, बसतो. फायर ब्रिगेडच्या गाड्या त्यासाठीच सोबत पळतात.

हे सगळं ऐकल्यावर मला वाटलं विषय संपला. पण काका म्हणाले, अडकलेला फ्लॅप बरा, तो ओरडून सांगतो. न काढलेला फ्लॅप गप्प बसतो.

फ्लॅप टेकऑफलाही लागतात, थोडे. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला एमडी-८२ जातीचं विमान फ्लॅप न काढताच पळालं, जमीन सोडली आणि लगेच पडलं, खाली रस्त्यावरचे दोघं धरून १५६ जण गेले, विमानातली एक चार वर्षांची मुलगी तेवढी वाचली. रनवे बदलला होता, वाट शोधण्यात लक्ष, आणि रनवेकडे जाताना म्हणायची टॅक्सी चेकलिस्ट म्हणायचीच राहिली. फ्लॅप नसले तर वाजणारा भोंगाही त्या दिवशी वाजला नाही, त्याला वीजच पोचत नव्हती. पुढच्याच वर्षी डॅलसला तसंच, १४ जण गेले, आणि तिथे तर चेकलिस्ट म्हटली होती! फ्लॅप, असं विचारल्यावर पंधरा, पंधरा, हिरवा दिवा, असं उत्तर रेकॉर्ड झालंय (एअरबस सोडून बाकीच्या या विमानांत फ्लॅपच्या खाचांना ५, १५, ३० असे आकडे असतात). दिवा हिरवा असूच शकत नव्हता. रोज तेच उत्तर देऊन देऊन जिभेला सवय झाली होती, डोळे तिकडे गेलेच नाहीत. त्याआधी कॉकपिटमध्ये गप्पाही रंगल्या होत्या. १० हजार फुटांच्या खाली आणि जमिनीवर चालताना कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम अमेरिकेत १९८१ मध्येच आला होता बरं का. आणि २००८ ला माद्रिदला पुन्हा एमडी-८२, पुन्हा आकडा तोंडाने म्हटला गेला, पुन्हा भोंगा गप्प, १५४ जण गेले.

आरती म्हणताना आपलं होतं ना, तोंड घालीन लोटांगणवर पोचलेलं असतं आणि डोकं प्रसादात काय आहे तिकडे. अगदी तेच.

उतरतानाचं ताजं उदाहरण शेजारच्या नेपाळचं. २०२३ च्या १५ जानेवारीला पोखऱ्याला एटीआर-७२ उतरत होतं, उडवणाऱ्या पायलटने फ्लॅप ३० मागितले, दुसऱ्याने फ्लॅप ३० असं म्हटलंही, पण रेकॉर्डरमध्ये फ्लॅप हललेच नाहीत. हलले ते शेजारचे, प्रोपेलरचे दांडके, आणि दोन्ही प्रोपेलरची ताकद गेली. ७२ जण होते, कोणी वाचलं नाही. म्हणून ती शेवटची पायरी, दांडका हलवल्यावर आकडा बघायचा. हात काय करून आला ते तोंडाला माहीत नसतं.

आणि योग्याकार्ता, इंडोनेशिया, २००७. विमान धडधाकट होतं. खूप वेगात खाली येत होतं, इतक्या वेगात की पुढचे फ्लॅप काढताच येईनात, म्हणून ५ वरच राहिले. वॉर्निंग एकूण १५ वेळा वाजली, सहवैमानिक वर जाऊया म्हणाला, कॅप्टन उतरवायचंच म्हणून बसला. रनवे संपून बाहेर शेतात, आग, २१ जण गेले. वर ज्या विमानाने अर्धा तास घिरट्या घातल्या त्याच्यापेक्षा याचे फ्लॅप काही वाईट अवस्थेत नव्हते.

चेकलिस्ट आली कुठून ते मला माहीत नव्हतं. १९३५ च्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेत डेटनला बोइंगचं मॉडेल २९९ नावाचं नवं बॉम्बर विमान लष्कराला दाखवायला उडवलं. चालवणारे एकदम मुरलेले. उभ्या विमानाच्या शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून जे लॉक असतं ते काढायचं राहिलं, विमान वर गेलं आणि कोसळलं, दोन पायलट गेले. मग लष्कराच्या पायलटांनी जास्त हुशार माणूस शोधण्यापेक्षा कार्डावर यादी केली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं.

काकांच्या खात्यात त्याचंच दुसरं रूप होतं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पाना-स्क्रूड्रायव्हरच्या आकाराची रंगवलेली सावली, काम झालं की हत्यार सावलीवर, आणि एक जरी सावली रिकामी दिसली तरी विमान सोडायचं नाही. एकदा एक छोटा पाना सापडेना, शिफ्ट संपली, बस निघून गेली, सगळे रात्री साडेआठपर्यंत टॉर्च घेऊन शोधत होते. सापडला एकाच्या डब्याच्या पिशवीत. "आणि तो सगळ्यात जुना माणूस होता," काका म्हणाले, "नव्या पोरांचं असं होत नाही, ती घाबरून मोजतात."

जाता जाता, अहमदाबादच्या २०२५ च्या अपघातानंतर आमच्या ग्रुपवर पण फ्लॅप विसरले, फ्लॅप विसरले चालू होतं. महिन्याने प्राथमिक अहवाल आला त्यात फ्लॅपचा दांडका ५ वर, म्हणजे टेकऑफच्या जागी बरोबर सापडला होता. ते फॉरवर्ड पाठवणाऱ्या कोणी दुरुस्ती मात्र पाठवली नाही.

आत्या फेब्रुवारीत परत गेली, विमानानेच, आणि हट्टाने पंखाच्या मागची खिडकी मागून घेतली. बंगळुरूला उतरल्या उतरल्या ग्रुपवर व्हिडिओ आला, पंखाची कड सरकतेय, मागून तिचा आवाज, "निघाले बघा, अगदी सारखे." खाली काकांचा लगेच मेसेज, "सारखे कशावरून? दुसरा पंख कोणी बघितला?"